हात एका तासाला, डोळे दुसऱ्या तासाला

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पाऊल ठेवले की बाहेरच्या उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसत नाही. खांब दिसतात, पुढच्या माणसाची पाठ दिसते. मग डोळे निवतात आणि गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीतून उगवावा तसा एक चेहरा वर येतो. किंचित कललेली मान, खाली झुकलेली नजर, उजव्या हातात निळे कमळ. हा पद्मपाणी. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी कोणा अनाम चिताऱ्याने रंगवलेला.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका शिक्षक मित्राच्या आग्रहावरून मी त्याच्या शाळेच्या सहलीबरोबर तेथे गेलो होतो. दहावीची चाळीसएक मुले होती. त्यांत एक मुलगा शाळेचा 'आर्टिस्ट'. फळ्यावरचे सुविचार त्याच्या अक्षरात, स्नेहसंमेलनाचा पडदा त्याच्या हातचा, आदल्या वर्षी इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी. बाकीची मुले पद्मपाणीसमोर मिनिटभर थांबून पुढे सरकली. हा मात्र थांबला. बराच वेळ पाहून झाल्यावर त्याने विचारले, ''सर, हे स्मरणचित्र धरायचे की संकल्पचित्र?''

मुले हसली. सरही हसले. मला आलेले हसू मी लपवले. परंतु परतीच्या एसटीत तो प्रश्न काही पाठ सोडीना. त्या मुलाचे चुकले कोठे? चित्राशी त्याची ओळख झाली ती परीक्षेच्या पेपरांतून. समोर एवढे मोठे चित्र आल्यावर त्याने ते आपल्या माहितीच्या खणात बसवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. हसायचेच असेल तर आपण आपल्याला हसायला हवे. दहा वर्षे शाळेत घालवलेल्या, हातात उत्तम कसब असलेल्या मुलाला आपल्याच भूमीतले एक चित्र पाहायचे कसे, हे कोणीच सांगितले नव्हते.

चार पेपर आणि वाढीव गुण

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत एलिमेंटरी-इंटरमिजिएट हे शब्द नवे नाहीत. आजोबांच्या पिढीपासून त्या परीक्षा चालत आल्या आहेत. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांच्या हाती पहिल्यांदा ब्रश दिला, हे उपकार विसरता येणार नाहीत. पुढे चित्रकार, आर्किटेक्ट, छायाचित्रकार झालेल्या अनेकांची सुरुवात या परीक्षेच्या जाड कागदावरच झालेली आहे.

पण या परीक्षेत असते काय? समोर मांडलेला तांब्या, ढोबळी मिरची आणि मागचा पडदा पाहून काढायचे स्थिरचित्र. बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुले असा विषय घेऊन काढायचे स्मरणचित्र. वर्तुळ-चौकोनात भरायचे संकल्पचित्र. आणि चौथा पेपर भूमिती व अक्षरलेखनाचा. चारही पेपर हाताची परीक्षा घेतात. दुसऱ्या कोणी काढलेले एखादे चित्र पाहा आणि त्यात काय दिसते ते सांगा, असे त्यांतला एकही पेपर म्हणत नाही. अजिंठा नाही, दख्खनी लघुचित्र नाही, धुरंधर नाहीत, वारली नाही. म्हणजे एकही कविता न वाचता नुसती वृत्ते घोटून कवी होण्यासारखेच हे झाले.

त्यातून आता गुणांचा हिशेब आला आहे. इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला सात, 'ब' श्रेणीला पाच आणि 'क' श्रेणीला तीन असे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळू लागले. हेतू चांगला होता. पण जेथे गुण तेथे क्लास, हा आपल्याकडचा नियम. आज शहरातल्या क्लासमध्ये 'स्मरणचित्रा'साठी तीन माणसे, एक झाड आणि एक हातगाडी अशी तयार मांडणी घोटून घेतली जाते. विषय बाजाराचा आला तर गाडीवर भाजी, जत्रेचा आला तर फुगे. ज्याचे नावच स्मरणचित्र, ते पाठ करून काढायचे, यापरता विनोद कोणता?

पुस्तकातला एक पाठ

गंमत अशी, की भारतीय कलेचा इतिहास आपल्या शाळेत नाहीच, असे मुळीच नाही. २०१८ साली दहावीच्या इतिहासाचे नवे पुस्तक आले, तेव्हा त्यात 'भारतीय कलांचा इतिहास' या नावाचा एक स्वतंत्र पाठच घालण्यात आला. लोककला आणि अभिजात कला, चित्र, शिल्प, स्थापत्य, नृत्य, नाट्य असा मोठा पट त्यात आहे. चांगले पाऊल होते ते. पण हा पाठ शिकवतात इतिहासाचे शिक्षक, इतिहासाच्या तासाला आणि इतिहासाच्याच पद्धतीने. त्यावर 'टिपा लिहा' येते, 'सकारण स्पष्ट करा' येते, 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' येते. या संकल्पनाचित्रात चित्र नसते. चौकटी असतात आणि बाण असतात.

म्हणजे व्यवस्था कशी, तर मंगळवारी तिसऱ्या तासाला मुलगा वारली चित्रकलेवर चार ओळी पाठ करतो, पण हातात ब्रश घेत नाही. गुरुवारी सातव्या तासाला तोच मुलगा ब्रश घेऊन बसतो, पण वारली हा शब्द तेथे निघत नाही. हात एका तासाला, डोळे दुसऱ्या तासाला. दोन्ही शिक्षक एकाच शिक्षकखोलीत डबा खातात. दोन्ही विषय एकाच दप्तरात असतात. त्यांची गाठ मात्र कधी पडत नाही.

ही फारकत पुढे जन्मभर आपल्याला पुरते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक चित्र आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड पाहून माणसे थक्क होतात. आपल्याकडचे कितीतरी पर्यटक ते पाहून येतात आणि 'रविवर्म्याचे चित्र पाहिले' म्हणून सांगतात. ते रविवर्म्याचे नव्हे. सावंतवाडीत जन्मलेले, मुंबईत शिकलेले आणि शिकवलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास स्वतःच्या मुलीला समोर उभी करून जलरंगात केलेले ते चित्र आहे. जलरंगात! ज्याने शाळेत एकदा तरी जलरंग हाताळला आहे आणि तो कागदावर कसा पसरतो, कसा हट्ट करतो हे अनुभवले आहे, त्यालाच त्या उजेडाची खरी किंमत कळेल. आपण तर सारेच जलरंग हाताळून बसलो आहोत. फक्त हळदणकर कोण, हे कोणी सांगितले नाही.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने गावातले जगणे तेरा दृश्यांत मांडले होते. घरोघरी चर्चा झाली ती ११८ कोटींची. त्या तेरा दृश्यांत काय आहे, हे किती घरांत विचारले गेले? किंमत वाचता येते, चित्र वाचता येत नाही, अशी आपली अवस्था आहे.

फारकतीचे मूळ

हे असे का झाले, याचे उत्तर दीडशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. इंग्रज सरकारची अपेक्षा होती ती कारागीर सुधारण्याची. नजर तयार व्हावी, रेघ सरळ यावी, भूमिती पक्की व्हावी आणि त्याचा उपयोग धंद्याला व्हावा. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनची ही पठडी. शाळेतल्या ड्रॉइंगचा सांगाडाही तिच्यातूनच आला. त्यात इथल्या चित्रपरंपरेची ओळख हा हेतूच नव्हता. राज्य गेले, सांगाडा राहिला.

परंतु याच कलाशाळेच्या इतिहासात एक वेगळे पानही आहे. जॉन ग्रिफिथ्स या तेथल्या शिक्षकाने १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेण्यास सुरुवात केली. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण मुंबईहून त्या दरीत जात, अंधाऱ्या लेण्यांत बसत आणि भिंतीवरची चित्रे कॅन्व्हासवर उतरवून घेत. १८८५ पर्यंत हे काम चालले. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल याने केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतांश नष्ट झाल्या होत्या. दैव असे, की ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. ज्या उरल्या त्या आजही लंडनमध्ये आहेत. मूळ भिंतींवरची चित्रे त्यानंतर आणखी विरली, काही ठिकाणी पोपडे गळाले. म्हणून काही जागी तेव्हा काय होते, हे आज या विद्यार्थ्यांच्या हातामुळेच कळते.

या प्रसंगाकडे नीट पाहायला हवे. त्या तरुणांनी कलेचा इतिहास पुस्तकातून वाचला नाही, तो हाताने गिरवला. एखाद्या बोटाचा वळसा उतरवायचा तर ते बोट तासभर पाहावे लागते. पाहता पाहता चिताऱ्याने रेघ कोठे सुरू केली आणि कोठे उचलली, हे कळू लागते. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या मदतीला कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस असेच त्या भिंतींसमोर बसले होते. पुढे त्यांच्या रेषेत जे आले त्यातला मोठा वाटा या बसण्याचा. इतिहास आणि प्रात्यक्षिक हे दोन विषय नाहीत, एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे या भूमीत त्या काळीच सिद्ध झालेले आहे. ते शाळेपर्यंत पोहोचले नाही, एवढेच.

फैजपूर आणि सेवाग्राम

पोहोचवण्याचा प्रयत्न झाला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी याच नंदलाल बोसांना बोलावले. बांबू, चटया, गवत, जे गावात मिळते त्यातून त्यांनी अधिवेशन उभे केले. दुसऱ्या वर्षी वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नयी तालीमची कल्पना पुढे आली. शांतिनिकेतनात नंदलालांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि पुढची बरीच वर्षे त्यांनी तेथे मुलांना चित्रकला, मातीकाम शिकवले. मुलाने नुसती नक्कल करू नये, आधी भोवताल पाहावा, मग हात चालवावा, हा त्यांचा आग्रह. कला ही शिक्षणाच्या शेवटी लावायची झालर नव्हे, तिच्यातूनच शिक्षण सुरू होते, या विचारावर त्यांनी पुस्तकही लिहिले. विदर्भातल्या एका खेड्यात, तुटपुंज्या साधनांत हे घडले होते. म्हणजे 'आमच्याकडे साधने नाहीत' ही सबब आपल्याला फारशी शोभत नाही.

गेरू, काजळी आणि डिंक

समजा, नववीच्या वर्गात एका सत्रात पाच-सहा तास अजिंठ्याला दिले. पहिल्या तासाला नुसते पाहायचे. एकच मोठे, चांगले छापलेले चित्र फळ्यावर लावायचे आणि मुलांना विचारायचे, यात किती माणसे आहेत? कोण कोणाकडे पाहते आहे? कोण महत्त्वाचा, आणि ते चिताऱ्याने कसे सांगितले? दुसऱ्या तासाला भिंत तयार करायची. अजिंठ्याच्या खडकावर माती, भुसा आणि तंतू कालवून गिलावा दिला आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. फुटक्या कौलावर मुले हे करू शकतात. तिसऱ्या तासाला रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि बांधून ठेवायला डिंक. निळ्यापाशी मुले अडतील. अडू द्यावीत. तो निळा लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि तो दगड येई अफगाणिस्तानच्या डोंगरांतून. मग सह्याद्रीच्या दरीत तो आला कसा, या एका प्रश्नातून व्यापारी मार्ग, वाकाटकांचे राज्य, लेण्यांना दान देणारे मंत्री असा सारा इतिहास आपोआप वर्गात येईल. पाठ करावा लागणार नाही. हात रंगलेले असताना ऐकलेले सहसा विसरत नाही.

वारलीचे तसेच. हल्ली शहरातल्या शाळांत 'वारली' म्हणजे कार्यानुभवाच्या तासाला माठावर काढायची त्रिकोणी माणसे, असे समीकरण झाले आहे. पण मुळात हे चित्र लग्नघरचे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढायचा चौक, आणि त्यात पालघट देवी. त्या देवीशिवाय लग्न लागत नाही. बायकांच्या हातचे हे चित्र १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या नजरेस पडले, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे कळले, की माठावरचा तो नाच नुसती नक्षी राहत नाही. मधला माणूस तारपा वाजवतो आहे, आणि माणसे त्याच्याभोवती का फिरताहेत, हे मूल विचारू लागते.

प्रत्येक जिल्ह्यात असे काहीतरी हाताशी आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथीच्या पोथ्या जपल्या आहेत. चित्रांचे एकेक पान समोर धरून रामायण-महाभारत गाऊन सांगायची ही परंपरा. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्याच्या भिंतींवर चित्रे आहेत. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची अस्सल चित्रे आहेत आणि चक्क हेन्री मूरचे एक शिल्पही आहे. कोल्हापूरने तर आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर दिले. गोव्यातल्या मुलांना आंजेलो द फोन्सेका ठाऊक असायला हवेत, ज्यांनी मेरीला साडी नेसवली आणि त्यासाठी रोष ओढवून घेतला. शाळेच्या सहली मात्र वॉटरपार्ककडे वळल्या आहेत. औंधवरून बस जाते, थांबत नाही.

मीही त्या बैठकीत होतो

'एवढे करून उपयोग काय?' असे पालक विचारतील. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याला अॅनिमेशन, आर्किटेक्चर, डिझाइन अशी उत्तरे देता येतात. ती खोटी नाहीत. पण शंभरातल्या दोघा-चौघांनाच ती लागू पडतात. उरलेल्या शहाण्णवांचे काय? माझे उत्तर मला माझ्याच गावात मिळाले. ते सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो.

आमच्या गावच्या देवळाच्या मंडपात वरच्या बाजूला जुनी चित्रे होती. दशावताराची. लाल, हिरवे, काळे रंग, कोठे उडालेले, कोठे धुराने काळवंडलेले. लहानपणी आरतीच्या वेळी मी वर पाहत असे. वराहाच्या सुळ्यावरची पृथ्वी अगदी लाडवासारखी दिसे. पुढे जीर्णोद्धार निघाला. वर्गणी जमली, बैठक झाली. 'जुने रंग फार खराब झाले आहेत, स्वच्छ ऑइलपेंट मारून घेऊ,' असे ठरले. त्या बैठकीला शिकलेली माणसे होती. दोन शिक्षक होते, एक इंजिनिअर होता. मीही होतो, इंटरमिजिएट पास झालेला. एकानेही 'थांबा' म्हटले नाही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. देवळावर साऱ्यांचेच प्रेम होते. फक्त वर जे आहे ते चित्र आहे, ते कोणा माणसाने मान वर करून, मचाणावर पाठीवर निजून काढले आहे, आणि ते पुन्हा होणार नाही, हे पाहण्याची नजर आमच्यापैकी एकालाही शाळेने दिली नव्हती. आज तेथे फिका निळा ऑइलपेंट आहे. पंखा आहे. वराह नाही.

अशी देवळे, असे वाडे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांतल्या भिंतींचे काय करायचे, हे पुरातत्त्व खाते ठरवत नाही. बहुतेक ठिकाणी ते खात्याच्या यादीतही नाहीत. ते ठरवते गावची बैठक. आणि वीस वर्षांनी त्या बैठकीत बसणारी माणसे आज नववीच्या वर्गात आहेत. गडांच्या बुरुजांवर बदाम कोरून नावे लिहिणारेही त्याच वर्गांतून येतात. दहावीच्या त्याच इतिहासाच्या पुस्तकात ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावरही एक पाठ आहे. पण जे कधी पाहिलेच नाही ते जपायचे कसे, याचे उत्तर पाठाखालच्या स्वाध्यायात सापडत नाही.

संधी आणि धोका

आज हे सारे लिहिण्याचे कारण, अभ्यासक्रम बदलतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ साली शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला आणि त्यात कलाशिक्षणाला इतर विषयांच्या पंगतीत बसवण्यात आले. एन.सी.ई.आर.टी.ने २०२४ मध्ये सहावीसाठी 'कृति' हे कलेचे स्वतंत्र पाठ्यपुस्तक काढले. महाराष्ट्राने आपला आराखडा २०२४ मध्ये तयार केला आणि २०२५-२६ पासून पहिलीपासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांत न्यायचे ठरवले. हात आणि डोळे एकत्र आणण्याची एवढी चांगली वेळ पुन्हा लवकर येणार नाही.

नमुना शोधायला लांब जायला नको. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीला 'पेंटिंग' हा विषय आहे. त्यात तीस गुण भारतीय कलेच्या इतिहासाला आणि सत्तर प्रात्यक्षिकाला. मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या पातळीवरही लेखी आणि प्रात्यक्षिक एकत्रच आहेत. एकच शिक्षक दोन्ही शिकवतो. तत्त्व बरोबर आहे. परंतु त्यातला धोकाही ओळखून असावे. तीस गुणांची लेखी परीक्षा म्हटली, की चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव, माध्यम, शैली अशी चार ओळींची उत्तरे तयार होतात, गाइड निघते, आणि चित्र पुन्हा दिसेनासे होते. आपल्याकडे इंटरमिजिएटला पाचवा पेपर 'कलेचा इतिहास' म्हणून जोडला, तर वर्षभरात त्याचेही क्लास निघतील याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यापेक्षा न पाहिलेले एक चित्र समोर ठेवावे आणि 'काय दिसते ते लिहा' एवढेच विचारावे. त्याचे गाइड निघू शकत नाही.

मात्र आराखडे कितीही सुंदर असले, तरी वर्गात जातो तो शिक्षक. खरी मेख तेथे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा शिक्षक 'अंशकालीन निदेशक' म्हणून सांगितला आहे, आणि तोही शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर. शाळेचे ड्रॉइंगचे सर निवृत्त झाले की ती जागा रिकामी राहते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. तास वेळापत्रकात राहतो. त्या तासाला गणिताचा भाग पूर्ण होतो, किंवा वर्ग मैदानावर सोडला जातो. ज्यांनी कलाशिक्षकाची पदविका घेतली ते तरुण तासिकेवर, दोन-तीन शाळांत धावत काम करतात. आणि शाळेत असतात तेव्हा त्यांच्याकडे येते फलकलेखन, गणपतीची आरास आणि पाहुण्यांचे स्वागतफलक. अशा माणसाकडून अजिंठा शिकवण्याची अपेक्षा करायची, तर आधी त्याला पगार, तास आणि स्वतः एकदा अजिंठा पाहण्याची सवड द्यावी लागेल.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. त्याला उत्तर द्यायचे राहून गेले होते. नंतर मी मित्राकरवी पत्र पाठवले. लिहिले, की तुझा प्रश्न चांगला होता, आम्ही हसलो ते चुकले. त्या लेण्याच्या छतावरच्या वेलबुट्ट्या तू नीट पाहिल्यास तर ते उत्तम संकल्पचित्र आहे. भिंतींवरच्या मिरवणुका, राजवाडे, हत्ती हे त्या चिताऱ्याने कोठेतरी पाहिले असणार आणि अंधारात बसून आठवून काढले असणार, म्हणून ते स्मरणचित्रही आहे. पण पद्मपाणीचा चेहरा कोणत्या पेपरात घालायचा, ते मला माहीत नाही. तुला सुचले तर कळव.

त्याचे उत्तर आले. शब्द दोनच ओळी होते. बरोबर ड्रॉइंगच्या वहीचे एक पान होते आणि त्यावर पेन्सिलीने काढलेला, कमळ धरलेला फक्त हात. बोटे जरा जाड झाली होती. पण करंगळीचा वळसा अचूक पकडला होता. तो पुस्तकातल्या चित्रावरून पाच वेळा खोडून काढला, असे त्याने लिहिले होते. पाच वेळा खोडताना त्याने जे पाहिले असेल, ते मला त्याच्या वयात कोणी दाखवले असते तर त्या बैठकीत मी कदाचित तोंड उघडले असते.

जूनमध्ये शाळा सुरू होतात, नवी वेळापत्रके लागतात. पालकसभेत आपण गणिताच्या क्लासबद्दल विचारतो, बसच्या फीबद्दल विचारतो. या वेळी मुख्याध्यापकांना आणखी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. चित्रकलेचा तास कोणत्या वारी असतो, आणि तो घेते कोण?